आक्काच्या खोलीतली हवा

भाचा बेंगळुरूहून आला, तेव्हा त्याला घ्यायला मी निपाणीच्या स्टँडवर गेलो होतो. त्याच्याजवळ कपड्यांची एक बॅग होती आणि दुसऱ्या पिशवीत नुसती खोकी. "आईसाठी आणलंय, मामा," तो म्हणाला. मला वाटलं, मिक्सर असेल.

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणतो. तिनं उभं आयुष्य निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत काढलं. तंबाखू चाळायची, निवडायची, पोती भरायची. नवरा लवकर गेला, तरी त्याच कामावर तिनं पोराला इंजिनियर केलं. पुढं वखार सुटली, पण तिथली धूळ छातीत राहिली. चार पावलं भरभर टाकली की धाप लागायची, हसू आलं की खोकला यायचा. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला होता आणि राहत्या खोलीत धूळ-धूर नको म्हणून बजावलं होतं. पोरगा बेंगळुरूला बोलवत होता. ती जात नव्हती.

मी बेळगावजवळ हिंडलग्याला राहतो. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला होतो. भट्टीचे मीटर बघण्यात नोकरी सरली. बायको जाऊन काही वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यामुळं संध्याकाळी आक्काला फोन करणं हे माझं दिवसातलं एक ठरलेलं काम होतं. बोलायचो काय, तर काही नाही.

"काय केलतंस?"

"आमटी."

"कसली?"

"कसली म्हणजे? डाळीची. तू काय केलास?"

"सकाळचंच हाय."

असं. पण ते झाल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

भाच्यानं खोकी उघडली. एकातून पांढरी डबी निघाली, अंगाच्या साबणापेक्षा थोडी मोठी. ती खोलीतली धूळ, ओल, उकाडा आणि आपण सोडलेल्या श्वासाचा कार्बन मोजते, असं त्यानं सांगितलं. दुसऱ्यातून बोटाला लावायचा चिमटा निघाला, तो रक्तातला ऑक्सिजन सांगणारा. तिसऱ्यात इंटरनेटचा राऊटर होता. सगळं मोबाइलला जोडायचं आणि एका ॲपमध्ये बघायचं, म्हणजे तो बेंगळुरूत बसून आईची तब्येत बघू शकणार होता.

जोडायला दुपार गेली. डबीवरचा निळा दिवा लुकलुकत राहायचा आणि मोबाइल म्हणायचा, काही सापडत नाही. भाच्यानं मोबाइल बंद करून चालू केला, डबी देवाच्या फळीवरून काढून खिडकीत ठेवली, परत फळीवर ठेवली. आक्का भिंतीला टेकून बघत होती.

"समोर तर हाय. दिसंना व्हय त्याला?" ती म्हणाली.

शेवटी मोबाइलचं लोकेशन बंद होतं असं निघालं. डबी जोडली गेली. मग चिमट्याची पाळी. तो आक्काच्या बोटाला लावला, तर नुसत्या रेघा यायच्या, आकडा उमटेना. तिचे हात गार होते. भाच्यानं चहाचा पेला तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "दोन्ही हातांनी धर, पिऊ नको." ती धरून बसली. हात तापले तसा आकडा आला, ब्याण्णव.

"बरं हाय की," मी म्हणालो.

"एवढंच?" आक्का म्हणाली. "मला वाटलं, काय दुखतंय ते सांगंल."

जाताना भाच्यानं तेच ॲप माझ्या मोबाइलमध्येही घातलं. "मी मीटिंगमध्ये असतो, मामा. तुम्ही बघत जावा. हिरवं असलं तर बरं, पिवळं-नारिंगी चालतंय, लाल झालं की मला फोन करा." आक्काला एवढंच शिकवलं की सकाळी आणि संध्याकाळी मोबाइल शेजारी ठेवून बोटाला चिमटा लावायचा. बाकी सगळं आपोआप.

पहिले काही आठवडे मला त्याचं फार कौतुक वाटलं. सकाळी डोळे उघडले की मी ॲप उघडायचो. तिचा आकडा आलेला असायचा. ती चुलीवरची नव्हे, गॅसवरचीच भाकरी करायची, तरी तव्यावर पीठ जळालं की ॲपमधली धुळीची रेघ टुणकन वर जायची. मी इकडं चहा ढवळत म्हणायचो, भाकरी चाललीय. मग ओलाव्याची रेघ चढली की समजायचं, खोलीतच धुणं वाळत घातलंय. रेघ वाचायची सवय जुनीच होती. भट्टी तापतेय की बिघडतेय हे मी असंच ओळखायचो.

तिच्याशी न बोलता तिचा दिवस मला कळायला लागला. आणि मग फोन कमी झाले.

कुणी ठरवून केलं नाही. एका संध्याकाळी लावायचा राहिला, आकडा बरा होता म्हणून मी काळजी केली नाही. पुढं मी लावला तर ती म्हणाली, "त्यात बघितलास न्हवं? मग?" मी म्हणालो, "बघितलं." पुढं बोलायला काही उरलं नाही. आमटी कसली हे त्या डबीला कळत नव्हतं, पण तेवढ्यासाठी फोन करावा असं दोघांनाही वाटेना. एक दिवसाआड, मग आठवड्यानं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून निपाणीतल्या एका खोलीतला ओलावा बघत जेवायचो. घरात फ्रिजचा आवाज तेवढा असायचा. तो थांबला की मी मान वर करून बघायचो.

उन्हाळा सरत आला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. रोज दुपारी, जेवणं उरकल्यावर, आक्काच्या खोलीतली धूळ वाढत होती. नुसता तव्याचा धूर असता तर टुणकन वर जाऊन खाली आला असता. ही रेघ चढायची, नारिंगी व्हायची आणि चहाच्या वेळेपर्यंत वरच राहायची. आणि तिच्याबरोबर कार्बनचीही रेघ चढायची. एका म्हाताऱ्या बाईच्या श्वासानं ती एवढी चढणं शक्य नव्हतं.

मी फोन लावला. "आक्का, दुपारी काय करतीस?"

"झोपायचं. आणि काय?"

"खोलीत कोण येतंय काय?"

"कोण येणार हाय?" ती म्हणाली आणि खोकून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता बसमध्ये बसलो. संकेश्वर मागं पडलं, तवंदी घाट उतरलो आणि टळटळीत उन्हात तिच्या बोळात शिरलो. दारात चपलांचा ढीग होता. आतून हसणं ऐकू येत होतं. मी दारात उभा राहिलो. खोलीभर बायका बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू. विड्या वळणं चाललं होतं. मधोमध आक्का, तोंडाला पदर बांधून, त्यांच्यासाठी तंबाखू चाळत होती. उन्हाच्या तिरपेत ती पिवळी धूळ तरंगताना दिसत होती.

मला बघून हसणं थांबलं.

"आलास?" आक्का म्हणाली. "फोन तर करायचास."

बायकांनी भराभर सुपं आवरली. "येतो आक्का," म्हणत एकेक बाहेर पडली. त्यातली एक, शेजारच्याच घरातली, जाताना मला म्हणाली, "अण्णा, आम्हीच म्हणतोय त्यांना, तुम्ही चाळू नका म्हणून. ऐकत न्हाईत."

त्या गेल्यावर मी खिडकी सताड उघडली. आक्कानं पदर सोडून तोंड पुसलं आणि पंप ओढला. तिला बोलण्याइतका दम यायला वेळ लागला.

"तुला डॉक्टरनी काय सांगितलंय?" मी म्हणालो.

"मला ठाव हाय."

"मग?"

"मग काय? त्यांची घरं बारकी. हितं मोकळी खोली हाय, पंखा हाय. त्या येत्यात म्हणून दुपार जातीया, रं. ती तुझी डबी सकाळ-संध्याकाळ बघतीया, मी जिती हाय का न्हाई. दुपारी ह्या बघत्यात. ह्यांनी बघितल्यालं मला कळतंय. डबीनं बघितल्यालं कळत न्हाई."

मी माठातलं पाणी घेतलं. ती माझ्याकडं बघत होती.

"आणि तुझं कोण बघतंय?" तिनं विचारलं.

"मला काय झालंय?"

"तरी पण. कोण बघतंय?"

मी पेला खाली ठेवला, तसा तिनं माझा हात ओढला आणि बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव आले. तिनं तो आकडा बराच वेळ बघितला आणि मान हलवली. इतक्यात माझा मोबाइल वाजला. भाचा होता, आवाजात आनंद मावत नव्हता. "मामा, बघितलं काय? आईचं अठ्ठ्याण्णव आलंय! कधीच आलं नव्हतं!"

"ते माझं बोट हाय," मी म्हणालो.

तो हसला. "मग तुमचं वेगळं खातं काढू की, मामा. तुमचं पण बघत जातो." तो खरंच मनापासून बोलला होता. नंतर त्याच्या कामात ते राहून गेलं आणि मीही आठवण केली नाही.

त्या संध्याकाळी मी शेजारणीला आणि घरमालकाला विचारून एक तोडगा काढला. बोळाच्या तोंडाशी, आक्काच्या दारासमोरच, घरमालकाचा कट्टा होता, त्यावर ताडपत्री बांधून सावली केली. बायकांनी तिथं बसायचं, आक्कानं आपल्या उंबऱ्यात, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, म्हणजे धूळ तिच्याकडं येणार नाही. तंबाखू दुसरीनं कुणीतरी चाळायची. बायका लगेच कबूल झाल्या. आक्का दोन दिवस रुसली आणि मग उंबऱ्यात पाट टाकून बसायला लागली.

दुपारची रेघ खाली आली. खोली हिरवी झाली. पण आता ॲपमध्ये मला त्या बायका दिसत नव्हत्या. त्या आल्या की नाही, हसल्या की भांडल्या, काहीच कळेना. म्हणून मी परत फोन लावायला लागलो.

"आल्यात्या काय गं आज?"

"आल्यात्या की. त्या कोपऱ्यावरचीच्या सुनंनं काय केलं ऐक..."

ते पावसाळ्याचे महिने चांगले गेले. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाच्या पानांना बुरशी लागली, कुणाचा नवरा कोल्हापूरला कामाला लागला, सगळं मला हिंडलग्यात बसून ठाऊक असायचं. त्या बायकांना मी धड एकदाच बघितलं होतं, पण नावानिशी ओळखायला लागलो. ॲप उघडायचं कधी कधी विसरून जायचो.

थंडी पडली तशी आक्काची तब्येत उतरली. एका सकाळी आकडा आला तो लाल. शहाऐंशी. मला वाटलं, हात गार असतील. फोन लावला. ती "हं" एवढंच म्हणाली, मागून नुसती शिट्टीसारखी घरघर. मी भाच्याला फोन केला, त्यानंही बघितलं होतं. मी शेजारणीला फोन केला. तिनं आणि आणखी एकीनं आक्काला उचलून रिक्षात घातलं. मी बसनं पोचलो तोवर तिच्या नाकाला नळी लागली होती आणि त्या दोघी दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या. हातावर अजून तंबाखू होती. कामावरूनच उठून आल्या होत्या.

भाचा रातोरात निघून सकाळी पोचला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता ह्यांनी एकटं राहायचं नाही आणि तंबाखूच्या वाऱ्यालाही बसायचं नाही. आक्का ऐकत होती. या वेळेस ती नाही म्हणाली नाही. नाही म्हणायला दम लागतो.

बरं वाटल्यावर तो तिला गाडीनं बेंगळुरूला घेऊन गेला. बायका बोळात उभ्या होत्या. एकीनं तिच्या मांडीवर चिवड्याचा डबा ठेवला. आक्का कुणाकडंच बघेना. गाडी वळली तेव्हा मी बघितलं, डॅशबोर्डवर ती पांढरी डबी वायर गुंडाळून ठेवलेली होती.

आता माझ्या मोबाइलमध्ये बेंगळुरूतल्या फ्लॅटची हवा दिसते. सगळं हिरवं. धूळ नाही, ओल नाही. ऑक्सिजन पंच्याण्णव, कधी शहाण्णव. भाचा खुश आहे आणि त्यानं खुश व्हावं असंच आहे, त्यानं आईचा जीव वाचवला. आक्काची सून चांगली आहे, वेळेवर औषध देते, पथ्याचं करते.

पण कार्बनची रेघ मी बघतो. सकाळी ती वर असते. मग दोघं कामाला बाहेर पडले की खाली यायला लागते, आणि दिवसभर तळाशी सपाट पडून राहते. बंद खिडक्यांच्या मोठ्या घरात एकच माणूस श्वास घेतंय एवढं त्यातून कळतं. संध्याकाळी परत चढते. रोज तसंच. रंग हिरवाच असल्यामुळं ॲप त्याबद्दल काही बोलत नाही.

फोनवर तिचा खोकला कमी झालाय. बोलणंही.

"जेवलीस?"

"व्हय."

"खाली उतरतीस काय? बाग हाय म्हणालता तो."

"उतरतो की कधी. लिफ्टात बायका भेटत्यात. मला कन्नड येतंय की, निपाणीत काय कमी बोललो व्हय? पण त्या फोनातच बघत असत्यात. कुणाशी बोलायचं?"

एका दुपारी ती सपाट रेघ बघून मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आक्का, तू हितं ये. माझ्याकडं. हिंडलग्याची हवा चांगली हाय, मागं शेतं हाईत, तंबाखू न्हाई का काही न्हाई. मी दिवसभर घरातच असतोय."

ती म्हणाली, "तुझ्या घरात कोण येतंय रं?"

तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. खरंच विचारत होती. मी आठवून बघितलं. दूधवाला फाटकाला पिशवी अडकवून जातो. लाइटचं मीटर बाहेरच्या भिंतीला आहे. बायकोच्या माहेरची माणसं ती गेली त्या वर्षी यायची.

"कोण न्हाई," मी म्हणालो.

"मग? दोघं मिळून काय भिंती बघायच्या?" असं म्हणून ती हसली आणि त्या हसण्यात जरा खोकली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पुढं भाच्यानं सांगितलं, निपाणीची खोली रिकामी करायचीय, मामा, जमेल काय. मी गेलो. भांडी पोत्यात भरली, देवांचे फोटो वर्तमानपत्रात गुंडाळले. फळीशेजारी प्लगमध्ये काहीच नव्हतं, भिंतीवर फक्त डबीच्या वायरीपुरती स्वच्छ रेघ होती. बाहेर ताडपत्रीखाली बायका बसल्या होत्या. आक्काचा उंबरा मोकळा होता, पण तिथं कुणी बसलं नव्हतं.

"अण्णा, आक्का कशा हाईत?" शेजारणीनं विचारलं.

मी हिरवं, पंच्याण्णव, असं काहीतरी सांगायला लागलो. त्या ऐकून घेत होत्या, पण तोंडावरून दिसत होतं की त्यांनी ते विचारलं नव्हतं. मग मी व्हिडिओ कॉल लावला.

आक्काचा चेहरा आला. केस नीट विंचरलेले, मागं पांढरी भिंत. "सामान झालं काय?" तिनं मला विचारलं. मी मोबाइल फिरवला. एकदम सगळ्या ओरडल्या. "आक्का! अगं बारीक झालीस की!" "चिवडा खाल्लासा काय?" "तिकडं विडी मिळती काय हो?" मोबाइल माझ्या हातातून कधी गेला कळलं नाही. एकीच्या हातातून दुसरीच्या हातात चालला होता. एकीनं आपलं सूप दाखवलं तर आतून आक्काचा आवाज आला, खणखणीत, "ते पान वाकडं कातरलंस! विडी सुटल ती! डोळं कुठं हाईत तुझं?" सगळ्या हसल्या. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या त्या दोघींतल्या एकीनं डोळ्याला पदर लावला.

मी आत जाऊन पोत्याचं तोंड बांधलं. बाहेर आलो तरी बोलणं चालूच होतं. कुणीतरी माझ्यासाठी चहा आणून कट्ट्यावर ठेवला होता.

निघताना शेजारीण म्हणाली, "परत कधी येणार, अण्णा?"

"आता न्यायला काय राहिलं न्हाई," मी म्हणालो.

"न्यायलाच यायला पायजे काय?"

म्हणून मी आता अधूनमधून जातो. भाच्याला ठाऊक नाही, सांगण्यासारखं काही नाही म्हणून. दुपारची बस धरतो, बोळात पोचतो, कॉल लावतो. मी घरून फोन केला तर आक्का अजून दोन-चार शब्दांवर थांबते. पण कट्ट्यावरून लावला की तिला वेळ पुरत नाही. मी मोबाइल त्यांच्या हातात देतो आणि जरा पलीकडं, कट्ट्याच्या टोकाला जाऊन बसतो. तिथं वारा माझ्याकडून त्यांच्याकडं जातो. त्यामुळं बोलणं नीट ऐकू येत नाही, नुसता आवाज येतो.